ट्रंककॉलवरचा फ्रिटाटा

बाईंशी बोलताना तीन मिनिटं झाली की त्या मान किंचित डावीकडे कलवायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवू?"

नवा माणूस गोंधळायचा. जुना माणूस एक तर "वाढवा" म्हणायचा, नाही तर चपला शोधायला लागायचा. नळाची तक्रार घेऊन आलेला भाडेकरू असो, पत्रिका द्यायला आलेले नातेवाईक असोत की वर्गणी मागायला आलेलं गणपती मंडळ, नियम सगळ्यांना सारखा. त्यांच्या भिंतीवर घड्याळ नव्हतं. लागतच नव्हतं. धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून ट्रंककॉल जोडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती आणि ट्रंककॉल तीन मिनिटांचा असायचा. पुढे बोलायचं तर ऑपरेटर मध्ये येऊन विचारायची, वाढवू का. ते विचारणं निवृत्तीनंतरही सुटलं नाही, आणि हेडफोनच्या बाजूला कललेली मानही सरळ झाली नाही.

"माणसाला जे सांगायचं असतं ते तीन मिनिटांत बसतं," त्या म्हणायच्या. "उरलेलं सगळं 'बाकी काय' असतं."

मी त्यांच्या देवपुरातल्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. दोन खोल्या, गच्ची, स्वतंत्र जिना. मी सरकारी कचेरीत कारकून होते, लग्न केलेलं नव्हतं आणि करायचंही नव्हतं. मी व्यवस्थित बाई आहे. तेव्हाही होते. स्वयंपाकघराच्या दाराला आतून कागद लावलेला असायचा: वाणसामान, पाण्याचा वार, गॅसचा नंबर, आठवड्याचा स्वयंपाक. ज्या कामाची यादी करता येते ते काम जमतं, असा माझा अनुभव होता. बाईंच्या घरात यादी नावाची गोष्टच नव्हती. मीठ कुठे आहे ते त्यांना दर वेळी शोधावं लागायचं. तरी त्यांच्याकडे सगळं जमायचं आणि माझ्याकडे त्या वर्षी मला हवी असलेली एकच गोष्ट जमत नव्हती. म्हणून मला त्यांचा हेवा वाटायचा. चांगला सणसणीत, सकाळी उठल्याबरोबर वाटणारा.

गावात त्यांना लोक जरा वचकून असत. एवढी वर्षं गावाचं बोलणं त्यांच्या कानावरून गेलेलं. कोणाचं लग्न कशावरून मोडलं, कोणी कोणाला पुण्याहून रडत फोन केला, कापसाचा भाव आधी कोणाला कळला, सगळं त्यांना ठाऊक असणार असं सगळ्यांना वाटायचं. बाजारात एखादा व्यापारी दिसला की त्या मला हळूच सांगायच्या, "ते दोनशे अकरा. गूळवाले." माणसं त्यांना जुन्या टेलिफोन नंबरांनी आठवायची. पण नंबराच्या पुढे एक शब्द नाही. एकदा शेजारणीने लाडीगोडीने विचारलं, "बाई, इतकं ऐकलंत, एखादी तरी गंमत सांगा की."

"दोन माणसांचं बोलणं तिसऱ्याला सांगत नाहीत," बाई म्हणाल्या. "तीन मिनिटं झाली. वाढवू?"

शेजारीण निघून गेली.

घरात मात्र त्यांनी टेलिफोन घेतला नव्हता. खात्याच्या माणसाला तो सहज मिळाला असता. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या मधे बसले," त्या म्हणायच्या, "आता माझ्या मधे कोणी बसायला नको."

आई गेल्यावर मी आबांना गावाहून माझ्याकडे आणलं. शिंदखेड्याच्या बाजूला आमची शेती आहे, कापूस आणि मिरची. ती दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, बघतो. दादाचं म्हणणं होतं की आबांनी गावातच राहावं. पण आबा तिथे ओट्यावर नुसते बसून राहायचे आणि ताटाला हात लावायचे नाहीत. मी म्हटलं, मी बघते. आखाजीपर्यंत माझ्याकडे राहू दे. सुधारले तर इथेच राहतील, नाही सुधारले तर ने. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मोठा सण. लेकी माहेरी जातात, झोके बांधतात. त्या वर्षी मी मात्र माहेराला माझ्या घरी घेऊन आले होते, आणि आखाजीपर्यंत त्याला जेवतं करायचं होतं. दादाने मान हलवली, पण त्याच्या चेहऱ्यावर 'बघू' होतं.

मी कागद बदलला. आबांना काय आवडतं ते मला पाठ होतं, कारण आईचा सगळा स्वयंपाक मी तिच्या शेजारी उभी राहून शिकले होते. कळण्याची भाकरी, आईसारखी कडेला पातळ. शेवभाजी, आईच्या काळ्या मसाल्याची. वांग्याचं भरीत, हिरवी मिरची भाजून, ठेचून. मसाला मी आईच्याच डब्यातला आणला होता, उरलेला सगळा. आबा पाटावर बसायचे, भाकरीचा तुकडा मोडायचे, भाजीत बुडवायचे, आणि तो तोंडापाशी नेऊन थांबायचे.

"काय झालं, आबा? तिखट आहे?"

"नही माय. पोट भरनं."

मला ते लाडाने माय म्हणायचे. पोट कशाने भरलं ते मला कळत नव्हतं. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ सरकून कोपरापाशी जायला लागलं होतं. मी भाकरी मऊ केली, मीठ कमी केलं, वेळ बदलून पाहिली. कागदावर खुणा करत गेले. काही जमेना.

मग तो रविवार आला. सकाळी मी कांदे चिरत होते, पोह्यांसाठी. जिन्याच्या खालून बाईंचा आवाज आला. "आबा! तुमचे हात रिकामे आहेत का?"

घरात मी आबांच्या हाताला काही लागू देत नव्हते. पाण्याचा तांब्यासुद्धा मी भरून ठेवायचे. आबा उठले, टोपी घातली आणि खाली गेले. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. बाईंनी त्यांच्या हातात एक चौकोनी पत्र्याचं ताट दिलं होतं, वर ओलं फडकं झाकलेलं. तेलाचा जुना डबा पत्रेवाल्याकडून आडवा कापून, कडा दुमडून त्यांनी ते करून घेतलं होतं. एका कोपऱ्याला एक पितळी बिल्ला ठोकलेला होता, एक्स्चेंजमधल्या कुठल्याशा फळीवरून काढून आणलेला.

"भट्टीवर न्या. चाचांना सांगा, मधला भाग हलायचा थांबला की काढा. तोवर तिथेच बसा. आणि तिरकं धरू नका. आत नुसतं पाणी आहे अजून."

भट्टी म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाची बेकरी. दिवाळीत आणि उन्हाळ्यात बायका नानकटाईचं पीठ मळून, ताटांत गोळे मांडून तिथे भाजायला न्यायच्या. ताटं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकीची खूण असायची. कोणाचा दोरा, कोणाचा खडू, कोणाची कडेला अडकवलेली केसांची पिन. पण ते सणासुदीचं. दर रविवारी सकाळी, पाव काढून झाल्यावर उरलेल्या धगीवर नाश्ता भाजायला पाठवणारं घर अख्ख्या देवपुरात एकच होतं.

आबा बऱ्याच वेळाने आले. जाताना जपून नेलेलं ताट आता मिरवत आणत होते. वास आधी जिन्यावर आला. भाजलेल्या अंड्याचा, कांद्याचा आणि कसल्यातरी मांसाचा. मी पोहे झाकून वाट पाहत बसले. आबा वर आलेच नाहीत. शेवटी मी खाली गेले, तर ते बाईंच्या टेबलाशी बसून बशीतला दुसरा तुकडा खात होते. टेबलाशी! आयुष्यात पाटाशिवाय जेवले नव्हते.

"हाई काय शे?" त्यांनी एक गोल चकती बोटात धरून बाईंना विचारलं. "मटननी नळी शे का?"

"सॉसेज. हो, मटणच. भुसावळला माझी जुनी जोडीदारीण आहे, रेल्वेच्या एक्स्चेंजमधली. ती घरी करते आणि शनिवारच्या एसटीने पाठवते."

"भलतं गोड लागस," आबा म्हणाले आणि ती चकती खाल्ली.

"तुम्हीपण बसा की," बाई मला म्हणाल्या.

"माझं झालंय," मी म्हटलं. माझं काही झालेलं नव्हतं. वर पोहे गार होत होते. ते मी एकटीने खाल्ले, दोन वेळा.

त्या पदार्थाचं नाव फ्रिटाटा. बाईंनी तो कधी पाहिलेला नव्हता. फक्त ऐकलेला होता.

ती हकिगत त्यांनी आबांना सांगितली आणि मी जिन्यात कपडे वाळत घालता घालता ऐकली. दोंडाईच्याला एका कारखान्यात यंत्रं बसवायला कोणी परदेशी इंजिनिअर आला होता, बायकोसकट. त्या बाईने एकदा मुंबईतल्या मैत्रिणीला ट्रंककॉल लावला. वारा सुटलेला, लाइन अशी खराब की दोघींना एकमेकींचं काही ऐकू जाईना. मधे बसलेल्या ऑपरेटरला मात्र दोन्हीकडचं ऐकू यायचं. अशा वेळी एक सोय होती. ऑपरेटरने इकडचं वाक्य तिकडे सांगायचं आणि तिकडचं इकडे.

"पण आपला एक शब्द घालायचा नाही," बाई म्हणाल्या. "रडली तर रडली असंही सांगायचं नाही. फक्त शब्द. ती एकच वेळ अशी, जेव्हा ऐकलेलं बोलायला परवानगी असते. कारण दोघंही लाइनवर असतात."

तर ती परदेशी बाई एक पाककृती सांगत होती. बाईंनी ती वाक्यावाक्याने मुंबईला पोहोचवली आणि पोहोचवता पोहोचवता पाठ केली. सॉसेज आधी टोचून परतायचे, मग चकत्या करायच्या. त्याच चरबीत कांदा, ढोबळी मिरची, आणि एक भाजी जी बाईंना कळली नाही. लांब, हिरवी, काकडीसारखी पण काकडी नव्हे. विचारायची सोय नव्हती, कारण आपला शब्द घालायचा नाही. बाईंनी ठरवलं, गिलकं, म्हणजे घोसाळं. भाज्यांचं पाणी आटवायचं. तळाला उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या. दुधात फेटलेली अंडी वरून ओतायची. चीज किसायचं. भाजायचं. मधला भाग थरथरायचा थांबला की बाहेर काढायचं. "आणि मग शेवटी," ती बाई म्हणाली, आणि लाइन गेली.

"मग?" आबांनी विचारलं.

"मग काय? परत लागलीच नाही. शेवटचं वाक्य कोणाला कळलंच नाही. ना मुंबईला, ना मला."

म्हणून दर रविवारी बाई वेगळा शेवट करून बघायच्या. कधी वर कोथिंबीर, कधी तुपात तळलेला लसूण, एकदा दही, एकदा चक्क शेंगदाण्याची चटणी. एकदा नुसतं फडकं टाकून अर्धा तास कोणाला हात लावू दिला नाही, "कदाचित 'थांबा' असंही म्हणाली असेल ती." खाऊन झालं की आबांकडे पाहायच्या. आबा विचार करून निकाल द्यायचे, "हाऊ शेवट नही शे." दोघं पुढच्या रविवारचं ठरवायचे, जणू काही विहीर खोदायला घेतली आहे.

आबांचा रविवार शनिवारीच सुरू होऊ लागला. एसटीस्टँडवर भुसावळच्या गाडीची वाट बघणं, कंडक्टरकडून केळीच्या पानात आणि ओल्या फडक्यात बांधलेलं पुडकं घेणं, बाजारातून गिलकी निवडून आणणं. मी आणलेली गिलकी त्यांनी एकदा उलटीसुलटी करून परत पिशवीत टाकली होती. "जून शेतस," म्हणाले. मी शेतकऱ्याची मुलगी. मला गिलकं निवडता येत नाही?

सोमवार ते शनिवार माझ्या कागदावरचा स्वयंपाक ते चिवडायचे आणि रविवारी सकाळी खाली जाऊन माणसासारखे जेवायचे. आठवड्याला एक जेवण. पण ते घड्याळ कोपरावरून खाली यायला लागलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. मात्र तो आनंद असा होता, की स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवली जायची.

मी ओव्हन घेतला. गोल, अल्युमिनियमचा, वर काचेची खिडकी असलेला. पाककृती माझ्याकडे होतीच, जिन्यात ऐकलेली, आणि मी ती बाईंपेक्षा नीट केली. अंडी, दूध, मीठ सगळं मोजून. गिलक्याऐवजी कोवळी काकडी घेऊन बघितली, मग फरसबी, शेवटी मुकाट्याने गिलकं. भुसावळचं पुडकं मला कोण देणार, म्हणून खिम्यात लसूण, मिरं घालून हाताने नळ्या वळल्या. रविवारी उजाडायच्या आत ते सोनेरी, फुगलेलं ताट मी आबांसमोर ठेवलं. मधे सुरी घातली तर स्वच्छ बाहेर आली.

आबांनी एक कोपरा खाल्ला. नीट चावून खाल्ला. "चांगलं शे," म्हणाले. मग टोपी घातली.

"कुठे निघालात?"

"भट्टीवर जावानं शे. बाई वाट दखी ऱ्हायन्यात."

"अहो आबा, हे काय समोर आहे! तेच आहे हे!"

ते दारात थांबले. मला वाईट वाटू नये म्हणून काहीतरी शोधत होते असं दिसलं. "हाई," म्हणाले, "तुन्हा घरनं शे ना." आणि जिना उतरून गेले.

तुझ्या घरचं आहे ना. हे वाक्य मी दिवसभर चघळलं. घरचं आहे म्हणून नको? मग काय भट्टीवरच्या चाचांच्या हातचं हवं? संध्याकाळी मी पाव आणायच्या निमित्ताने बेकरीत गेले. चाचा लांब दांड्याची फळी पुसत होते.

"चाचा, आमचे आबा इथे बसून काय करतात हो?"

"कुछ नहीं, बेटी. बैठते हैं. आगीकडे बघतात." ते हसले. "पहिल्या वेळी मला म्हणाले, भाकरी टाकायची जागा कुठे आहे. मी म्हटलं, भाकरी नाही होत इथे. तर म्हणाले, बरं आहे."

"बरं आहे?"

"असंच बोलले. बरं आहे."

मला काही उलगडलं नाही. पण मला जास्त लागली ती दुसरीच गोष्ट. ती आणखी काही रविवारांनी माझ्या लक्षात आली, आणि लक्षात आल्यावर विसरता येईना. खाली बाईंच्या टेबलाशी आबा बोलायचे. गावाकडे ओट्यावर मुके बसणारे, माझ्यासमोर 'पोट भरनं' पलीकडे न जाणारे आबा हळू आवाजात, थांबत थांबत, खूप वेळ बोलायचे. आणि बाई मान डावीकडे कलवून ऐकायच्या. तीन मिनिटं व्हायची. सहा व्हायची. अर्धा तास व्हायचा.

त्यांना त्या कधीही 'वाढवू?' म्हणाल्या नाहीत.

वर्गणीवाल्यांना नियम होता, भाच्याला नियम होता, घराच्या कराची नोटीस घेऊन आलेल्या माणसाला नियम होता. मला होता. गेल्याच आठवड्यात टाकीच्या गळतीबद्दल बोलताना मला निम्म्यात थांबवलं होतं. आबांना नव्हता.

एका सोमवारी मी सरळ खाली गेले. आखाजी आठवड्यावर आली होती. दादाचं पोस्टकार्ड आलं होतं, मी न्यायला येतो म्हणून.

"बाई, आबा तुमच्याशी काय बोलतात?"

त्या मीठ शोधत होत्या. शोधत राहिल्या.

"आईबद्दल बोलतात का? माझ्याशी तिचं नावही काढत नाहीत. ती गेल्यापासून एकदाही नाही. मी त्यांची मुलगी आहे."

"हो ना," बाई म्हणाल्या.

"ते माझ्याकडे राहतील की जातील, तेवढं तरी सांगा. मी त्यांच्यासाठी काय करायचं बाकी ठेवलंय? माझ्या हातचं का जात नाही त्यांना?"

बाईंना मीठ सापडलं. चहाच्या डब्यामागे होतं. त्यांनी ते हातात धरलं आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, सांगणार.

"दोन माणसांचं बोलणं तिसऱ्याला सांगत नाहीत," त्या म्हणाल्या.

तिसरी म्हणजे मी. मी त्यांना म्हटलं, तीन मिनिटं व्हायच्या आत मी जाते, आणि गेले.

आखाजीच्या आदल्या दिवशी रविवार होता. दादा सकाळीच जीप घेऊन हजर झाला. सोबत शेतातल्या लाल मिरच्यांची पिशवी. मी वर आबांची ट्रंक भरली होती, दोन्ही शक्यता धरून: वर सणापुरते कपडे, खाली बाकीचे. नेलेच तर सगळं नेता यावं. खाली टेबलाशी आबा बसले होते, भट्टीवरून नुकतेच आलेले, ताट मधे ठेवलेलं. त्या रविवारचा शेवट म्हणून बाईंनी दादाच्या मिरच्या भट्टीवरच भाजून घेऊन वर चुरल्या होत्या.

"आबा, चालतस ना?" दादा दारातून म्हणाला. "गाडी उभी शे. कायमनं चालतस का परत येवानं शे, तेवढं सांगा. तशी ट्रंक घेसू."

आबा माझ्याकडे बघेनात. ताटाकडे बघून ते काहीतरी पुटपुटले. ऐकू येईना.

"काय म्हणालात?" मी विचारलं. माझाही आवाज धड येत नव्हता. "आबा, नीट बोला ना. काय चुकलं माझं?"

त्यांचे ओठ हलले. परत काही पोहोचलं नाही. मी म्हटलेलं त्यांना पोहोचलं की नाही, तेही कळलं नाही.

बाई दोघांच्या मधे बसल्या होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली. मान डावीकडे कलवली. आणि मग माझ्याशी बोलल्या, पण माझ्याकडे न बघता, समोर भिंतीकडे बघत, कुठलाही चढउतार नसलेल्या आवाजात.

"पलीकडून म्हणतायत, तुझं काही चुकलं नाही."

आबांनी त्यांच्याकडे चमकून पाहिलं. मग परत खाली बघून पुटपुटले. या वेळी बराच वेळ.

"पलीकडून म्हणतायत, तुझ्या हातची भाकरी आईच्या भाकरीसारखी आहे. भाजी तिच्या मसाल्याची आहे. घास तोंडाशी नेला की वाटतं, ती चुलीपाशी बसली आहे आणि दुसरी भाकरी टाकते आहे. मान वर केली की तू असतेस. मग घास जात नाही."

दादा दाराची चौकट धरून उभा होता.

"इकडून काही सांगायचंय का?" बाईंनी भिंतीला विचारलं.

मला यादी करायची सवय. त्या क्षणी एकही मुद्दा सुचेना. "ते... खालचं बरं जातं?" एवढंच निघालं.

"इकडून विचारतायत, खालचं बरं जातं का."

आबा आता जरा मोठ्याने बोलले. मला थेट ऐकू आलं, तरी बाईंनी ते सांगितलंच, कारण नियम नियम असतो.

"पलीकडून म्हणतायत, यात कोणीच नाही. हे खाताना कोणाचीच आठवण येत नाही. अंडं आहे, नळी आहे, गिलकं आहे. म्हणून जातं."

बाईंनी इतक्या रविवारांत, शनिवारच्या एसटीने, भट्टीच्या धगीने आणि एवढ्या ऐकण्याने जे मिळवलं होतं, ते त्यांच्या हाताच्या चवीमुळे नव्हतंच. ते मला कळलं, आणि तरी हेवा गेला नाही. हे सगळं आबांनी त्यांना आधी सांगितलं होतं. रविवारमागून रविवार सांगितलं होतं. मला ते मिळालं, तेही त्यांच्याच आवाजात.

"इकडून सांगा," मी म्हटलं, "की मी मसाला बदलते. भाकरीऐवजी पोळ्या करते. रोज खालचंच करायचं तर तेही करते. त्यांनी राहावं."

बाईंनी सांगितलं, शब्द न बदलता.

आबांनी डोकं हलवलं. "मसाला नको बदलू, माय," ते म्हणाले, सरळ मला. "हयूहयू खासू. मी आखाजीले जास नि परत येस. वरनेच कपडा दे."

दादाने मिशीवरून हात फिरवला. मला वाटलं तो वाद घालेल. "बरं," म्हणाला, "मग मीबी नाश्ता करी लेस." आणि खुर्ची ओढून बसला.

बाईंनी सुरी उचलली, चौकोनी तुकडे पाडले, आणि एक बशी माझ्यापुढे सरकवली. इतके महिने मी त्या ताटातलं काही तोंडात घातलं नव्हतं. माझं झालंय, हे वाक्य जिभेवर आलं होतं. मी बशी घेतली.

पहिला घास खाल्ला तेव्हा बाई मान सरळ करून, म्हणजे त्यांच्या मानेला जितकं सरळ होता येई तितकी करून, आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या.

"तीन मिनिटं झाली," त्या म्हणाल्या. "वाढवू?"

आबांना हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला होता. आबांनी माझ्याकडे बघितलं, आणि माझं तोंड भरलेलं बघून त्यांनीच उत्तर दिलं.

"वाढाई द्या."

वर भाजलेली मिरची होती, खाली सॉसेज, त्याखाली बटाटा. मिरचीचा शेवट बरोबर होता असं मला वाटलं. गिलकं मात्र थोडं जास्त शिजलं होतं. माझ्याकडे इतकं शिजत नाही. मी ते बोलले नाही, आणि दुसरा तुकडा घेतला.